खंडकरी, सभासद आणि कोयता

नगर जिल्ह्यातल्या उसाच्या उत्पादकतेचे श्रेय बहुधा सहकाराला दिले जाते. कालक्रम वेगळे सांगतो. 1926 साली भंडारदरा धरण पुरे झाले तेव्हा प्रवरेच्या कालव्यावर उसाचे मोठे मळे होते ते हरेगावच्या बेलापूर कंपनीचे. जाव्याची साखर त्या काळी लाखो टनांनी हिंदुस्थानात येई. 1932 च्या संरक्षण कायद्याने तिला अडवले आणि देशातले तिसेक कारखाने चार-पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेले. टिळकनगरचा कारखाना त्याच लाटेतला. गंमत म्हणजे साखर अडली, पण जाव्याचा पीओजे 2878 हा ऊस दख्खनच्या मळ्यांत रुजला, आणि त्याच्याच संकरातून कोइमतूरला निघालेला को 419 पुढे महाराष्ट्रभर पसरला. जगाच्या बाजारातले उत्तम बेणे, हुकमी पाणी, सलग क्षेत्र, सगळे कंपनीच्या मळ्यात होते. जमीन मात्र शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली. पीक कितीही वाढो, खंडकऱ्याच्या हाती ठरलेला खंडच. आणि मळ्याबाहेरचा बागाईतदार गुऱ्हाळ लावून गूळ अडत्याच्या भावाने विकणार. उत्पादकता वाढली, पण ती ज्यांच्या जमिनीवर वाढली त्यांची उसापासून साखरेपर्यंतच्या साखळीतली जागा तसूभरही हलली नाही.

बागाईतदाराची ती जागा हलली 31 डिसेंबर 1950 ला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले तेव्हा. रोज 500 टन गाळणारा हा कारखाना तंत्राने काही निराळा नव्हता. निराळे एवढेच, की साखरेतला वाढावा ऊसदर होऊन शेतात परतू लागला आणि त्यातून विहिरी, खते, नवे बेणे आले. यावर आक्षेप असा, की तुकड्या-तुकड्यांची शेती कंपनीच्या सलग मळ्याची बरोबरी करूच शकत नाही, आणि सहकार सरकारी भांडवलाच्या कुबड्यांवर उभा राहिला. दुसरा भाग खराच आहे. पहिल्याला उत्तर इथल्याच जमिनीने दिले: 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कंपन्यांचे मळे शेती महामंडळाकडे गेले. क्षेत्र मोठे, कालवा तोच. महामंडळ तरी तोट्यात रुतले, कारण पिकाच्या वाढाव्यात तिथे राबणाऱ्याचा वाटा नव्हता. एकट्या आकारमानाने उत्पादकता टिकत नाही, हे मला यावरून पटते.

तरी सहकाराने साखळीतली सगळीच माणसे वर नेली नाहीत. पाथर्डी याच जिल्ह्यातला तालुका. तिथून दर हंगामाला ऊसतोड मजुरांचे कोयते फडावर जातात, टनाच्या दराने ऊस तोडतात. कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद व्हायला ऊस पिकवावा लागतो, तोडून चालत नाही.