कळव्याचं मेंथॉल आणि आपली पुदिन्याची जुडी

मंडळी, पुदिन्याच्या तेलाने जंतू मरतात, मग आपणच पुदिना लावून तेल का काढू नये, असं बरेच जण विचारतात. आधी थोडं मागचं बघू.

या तेलाचं आपल्या ठाण्याशी नातं जुनं आहे. 1964 साली रिचर्डसन हिंदुस्तान कंपनी निघाली. व्हिक्सचा बाम, गोळ्या, इनहेलर आणि मेंथॉलसुद्धा देशातच बनवायचा परवाना तिला मिळाला. कारखाना आला कळव्याला. 1985 मध्ये कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेली.

कारखाना इथला, पण पुदिना इथला नव्हता बरं का! मेंथॉल देणारी जात वेगळी, जपानी पुदिना, हिंदीत मेंथा. 1950 च्या दशकात जपानहून बेणं जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत आलं आणि पुढे पीक पसरलं उत्तर प्रदेशात, रामपूर-बाराबंकीकडे. लखनौच्या सीमॅप संस्थेने कोसीसारखे वाण दिले. तिकडे रब्बीनंतरच्या उन्हाळ्यात पाणी देऊन वाढवायचं, पावसाआधी कापायचं, लगेच भट्टीवर चढवायचं. शंभर किलो ओल्या पाल्यातून अर्धा-पाऊण किलो तेल निघतं. तेल गार केलं की मेंथॉलचे खडे बसतात.

आपण कल्याणच्या मार्केटला नेतो ती जुडी चटणीच्या पुदिन्याची. तिचा वास कार्व्होनचा, मेंथॉल नावापुरतं. ती कितीही उकळा, बाम होणार नाही. आणि मेंथा लावायचा म्हटलं तर भट्टीपुरता पाला कुठून आणणार? आपल्याकडे उन्हाळी पाणी असलेलं रान थोडं, आणि पाऊस लागला की साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात.

आता जंतूंचं. प्रयोगशाळेतल्या बशीत हे तेल काही जिवाणू आणि बुरशी खरोखर रोखतं. त्यांच्या पेशीचं आवरण फाटतं. पण बशीत मेले म्हणजे छातीतला संसर्ग बरा झाला असं नव्हे. बाम लावल्यावर नाक मोकळं वाटतं तेही निव्वळ वाटणंच: थंडी ओळखणाऱ्या नसा मेंथॉलने जाग्या होतात, हवा जाते तेवढीच. हा थंडीचा ग्राहक 2002 मध्ये सापडला, आणि त्या शोधातल्या दोघांना 2021 चं नोबेल मिळालं. पोटाच्या मुरड्यावर मात्र पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा उपयोग चाचण्यांत दिसलाय, तोही डॉक्टरला विचारूनच.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या नाकाला, छातीला हे तेल अजिबात लावू नका. श्वास अडकू शकतो.