निजवणे आणि निजणे

रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. नागपूरच्या सदर भागातली दुकाने बंद होतात, रेसिडेन्सी रोडवरची वर्दळ ओसरते. पण एखाद्या घरात दिवा जळतच असतो. दीड-दोन वर्षांचे लेकरू मांडीवर घेऊन आई बसलेली असते. डोळा लागला म्हणून हळूच खाली ठेवावे, तर पुन्हा भोकाड! सकाळी उठून तिला कामाला जायचे असते. हे काही सदरातच घडते असे नाही. तुमच्या गावातही रोज रात्री हेच चालत असेल. म्हणून आज लेकराच्या झोपेविषयी चार गोष्टी सांगते. पण त्या जरा मागून सुरू कराव्या लागतील.

सदरहून दक्षिणेकडे निघालात आणि रेल्वे स्टेशन मागे टाकलेत, की गांधीसागर तलावाजवळ एम्प्रेस मिलची जागा लागते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली. अशा गिरण्या आल्या आणि कष्टकरी बाईचा दिवसच बदलला. शेतावर जाणारी बाई लेकरू बरोबर नेई. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधी, येता-जाता झोका देई, भुकेले की पाजी. गिरणीत हे कसे जमायचे? १८९१ च्या कायद्याने बाईच्या कामाला मर्यादा घातली, तीसुद्धा दिवसाला ११ तासांची! मग तान्हे मूल घरी कोणाच्या हवाली करायचे?

या प्रश्नाला एक भयंकर उत्तर सापडले. ते म्हणजे अफूची गोळी. मुलाला अफू देण्याची चाल देशात पुष्कळ ठिकाणी होती. गिरण्यांच्या शहरांत ती अधिकच बळावली. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सांगितले. १९२२ मध्ये त्यांनी लिहिले, की या स्त्रियांच्या १०० पैकी ९८ मुलांना अफू दिली जाते. आकडा वाचून अंगावर काटा येतो. अफूने मूल शांत दिसते खरे, पण ती खरी झोप नव्हे. श्वास मंदावतो, भूक मरते, पोट धरते. मूल रडत नाही म्हणून त्याला पाजलेही जात नाही, आणि ते वाळत जाते. सवय झाली की मात्रा वाढवावी लागते. जरा जास्त झाली तर मूल उठतच नाही.

त्या आयांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. विलायतेतही तेच झाले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणीगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध तान्ह्या मुलांना सर्रास पाजत. तेव्हा दोष देशाचा नव्हता, की जातीचाही नव्हता. आईजवळ वेळ नव्हता, आणि वेळेच्या जागी अफू आली होती.

म्हणून नुसता उपदेश करून हे थांबण्यासारखे नव्हते. आईला वेळ मिळवून द्यायला हवा होता. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये आणि आपल्या मध्य प्रांतात १९३० मध्ये बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला. १९३१ मध्ये शाही मजूर आयोगाने पाळणाघरांची शिफारस केली. एम्प्रेस मिलमध्येही कामगार बायांच्या मुलांसाठी पाळणाघर होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने, ५० पेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला. सांभाळणारे माणूस मिळाले, की गोळीची गरज उरत नाही. या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, “अहो बाई, अफूचा जमाना गेला!” गोळी गेली हे खरे, पण खोड गेली का? झोप येते म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध मुलाला पाजणारी घरे आहेत. हातात मोबाईल देऊन त्याला गप्प करणारी तर घरोघर आहेत. औषध आजारासाठी असते, आणि ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे. मोबाईलच्या उजेडाने तर आलेली झोपही उडते.

मग करावे काय? एक गोष्ट ध्यानात घ्या. रात्रीतून दोन-चार वेळा आपण सगळेच चाळवतो आणि कूस बदलून पुन्हा निजतो. लेकरूही चाळवते. पण मांडीवर झोपलेले मूल अंथरुणावर जागे झाले, तर ते मांडीच शोधते. ज्या सोबतीने डोळा लागला, तीच सोबत ते पुन्हा मागते. तेव्हा एक वर्षावरच्या मुलाला पूर्ण झोपलेले नव्हे, पेंगुळलेले असतानाच अंथरुणावर ठेवा. शेजारी बसा, पाठीवर हात ठेवा, अंगाई म्हणा. चार-आठ दिवसांनी हात काढा, नुसते जवळ बसा. मग तेही कमी करा. रोजची वेळ एकच ठेवा : जेवण, हातपाय धुणे, गोष्ट, दिवा मंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. मूल आजारी असेल, किंवा अंग धरत नसेल, तर मात्र आधी दवाखाना गाठा.

आणि आपले आपण निजणे म्हणजे वेगळ्या खोलीत निजणे नव्हे, बरं का! आपल्याकडे आजीच्या गोधडीशेजारी मूल निजते. ते तिथेच निजू द्या. मुलाने झोप स्वतःची स्वतः आणावी, एवढेच शिकवायचे आहे. आजी एक सांगते आणि सूनबाई दुसरेच करते, असे होऊ नये. घरात एकदा ठरवा आणि सगळ्यांनी पाळा. बाबांनीही एक-दोन रात्री हे काम अंगावर घ्यावे.

गुरुजी आणि अंगणवाडीच्या ताई, तुम्हालाही विनंती आहे. पालकसभेत आईला दोष देण्याआधी विचारा, “घरी तुमच्या मदतीला कोण आहे?” शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता, तर कितीतरी लेकरे वाचली असती.