छोट्या ड्रमसेटवरील ‘फिल’

गाण्याचे एक कडवे संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी ड्रमवादक क्षणभर चालू ठेका मोडतो, काही वेगळे आघात वाजवतो आणि पुन्हा समेवर येतो. यालाच ‘फिल’ म्हणतात. तबल्यातील मुखड्याशी त्याचे जवळचे नाते आहे. दोहोंचे काम पुढच्या समेची वर्दी देणे हेच.

फिलसाठी ड्रमची मोठी रांग हवी, हा नवशिक्यांचा समज खरा नाही. बीटल्सच्या रिंगो स्टारने चारच ड्रमच्या सेटवर नाव मिळवले. यवतमाळ जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर नगारा आणि थाळी या जोडीवर नृत्य रंगते. १९०९ मध्ये यावली (जि. अमरावती) येथे जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना तर एक खंजिरी पुरे होती. वाद्य एकच असले तरी मधला आघात, कडेचा आघात आणि झांजांचा नाद वेगवेगळा असतो. बास ड्रम, स्नेअर आणि हाय-हॅट एवढाच संच असलेल्या विद्यार्थ्यानेही हाच मार्ग धरावा. स्नेअरच्या मध्यावर जोरकस, कडेजवळ हलका आणि लोखंडी कड्यावर कोरडा असे तीन नाद एकाच ड्रममधून निघतात.

सरावासाठी मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवावा. चार मात्रांची तीन आवर्तने साधा ठेका वाजवून चौथ्याच्या केवळ शेवटच्या मात्रेत स्नेअरवर चार समान आघात द्यावेत. हात येथेच धावू लागतात. म्हणून डाव्या पायाने हाय-हॅटवर प्रत्येक मात्रा दाखवीत राहणे आवश्यक आहे.

हे साधल्यावर तिहाई घ्यावी. मात्रेचे चार भाग धरले, तर तिसऱ्या मात्रेपासून आवर्तनाचे आठ भाग उरतात. ‘उजवा हात, डावा हात, उजवा पाय’ हा तीन आघातांचा तुकडा सलग तीनदा वाजविल्यास नववा आघात, म्हणजे बास ड्रमचा, नेमका पुढच्या समेवर पडतो. त्याच क्षणी हाय-हॅट उघडी ठेवून वाजवावी. येथे टॉमची उणीव जाणवतही नाही.

सम अर्ध्या मात्रेने जरी चुकली, तरी गायकाचा मुखडा विस्कटतो. मग कितीही चपळ हात असोत, ऑर्केस्ट्रात त्या वादकाला पुन्हा बोलावणे येणे कठीण. त्यामुळे आघात मोजता येत नसतील तर आधी तोंडाने बोल म्हणावेत, टाळी द्यावी आणि नंतरच काठ्या हातात घ्याव्यात.