पर्जन्यमापक ते भौगोलिक माहिती प्रणाली : महाराष्ट्रातील कृषी-हवामान नकाशांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने शेतीवर परिणाम करणाऱ्या हवामानाचे नकाशे तयार करणे ही आता रूढ अभ्यासपद्धती झाली आहे. संगणकावरील रंगीत नकाशा पाहताना त्यातील प्रत्येक ठिकाणी पाऊस मोजला गेला आहे, असा समज सहज होतो. वस्तुतः मोजमाप मोजक्याच केंद्रांवर होते. मधला प्रदेश गणिताने भरला जातो. ही केंद्रे कोणत्या प्रशासकीय घटकानुसार उभी राहिली, याचा महाराष्ट्रापुरता विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुष्काळ आणि पर्जन्यनोंदी :

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली आणि पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ सुरू झाला. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांचा भारतीय पर्जन्यमानावरील ग्रंथ १८८६ मध्ये, तर जॉन एलियट यांचा हवामानविषयक नकाशासंग्रह १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र महसूल खात्याची पर्जन्यमापके प्रामुख्याने तालुक्याच्या मुख्य ठिकाणी असत. त्यामुळे कचेरीच्या आवारात पडलेला पाऊस हाच तालुक्याचा पाऊस ठरला. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. तेथे १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्र शाखा सुरू झाली आणि पिकाच्या उंचीवरील हवा, जमिनीचे तापमान, बाष्पीभवन या गोष्टी अभ्यासाच्या कक्षेत आल्या.

दोन केंद्रांमधील प्रदेश :

केंद्रांच्या मधल्या जागेचा पाऊस ठरविण्याच्या पद्धती संगणकापेक्षा जुन्या आहेत. थिसेन यांनी १९११ मध्ये प्रत्येक केंद्राभोवती बहुभुज आखण्याची रीत मांडली. जवळच्या केंद्राला अधिक व दूरच्या केंद्राला कमी भार देण्याचे शेपर्ड यांचे सूत्र १९६८ चे आहे. त्याच दशकात कॅनडामध्ये रॉजर टॉमलिन्सन यांनी देशव्यापी भूमिपाहणीची माहिती हाताळण्यासाठी पहिली भौगोलिक माहिती प्रणाली उभारली. म्हणजे या तंत्राचा जन्मच मुळी शेतजमिनीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

या सूत्रांची खरी कसोटी सह्याद्रीत लागते. महाबळेश्वरचे वार्षिक पर्जन्यमान साडेपाच हजार मि.मी.हून अधिक आहे, तर वाईला एक हजार मि.मी. पाऊसही पडत नाही. ही दोन ठिकाणे सरळ रेषेत २५ कि.मी.च्या आतबाहेर अंतरावर आहेत. हवामान विभागाने २०१४ मध्ये देशभरातील ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून १९०१ ते २०१० या काळातील दैनिक पर्जन्याची जाळी प्रसिद्ध केली. तिच्या एका चौकटीची बाजू सुमारे २७ कि.मी. असून तिच्यासाठी शेपर्ड यांचेच सूत्र वापरले गेले. देशाच्या मान्सूनचा विचार करण्यास ती उत्तम आहे. पण घाटमाथ्यावरील भातशेती आणि पायथ्याची ज्वारी वेगळी दाखविणे तिच्या आवाक्यातले नाही. आपल्याकडील प्रबंधांतून अशा जाळीवरून थेट गावपातळीचे नकाशे काढले जातात आणि पर्जन्यमापकांची स्थाने नकाशावर दाखविलीही जात नाहीत, हे प्रस्तुत लेखकास चिंताजनक वाटते.

तालुका की मंडळ? :

१९७२ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या सुखठणकर समितीने १९७३ मध्ये अवर्षणप्रवण क्षेत्र तालुकानिहाय निश्चित केले. १९८८ मध्ये भारताचा पहिला पूर्णतः कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. तरीही दुष्काळ ठरविण्याची भिस्त दीर्घकाळ पैसेवारीवरच राहिली. केंद्राच्या २०१६ च्या नियमपुस्तिकेने पर्जन्य, वनस्पती निर्देशांक व जमिनीतील ओलावा हे निकष पुढे आणले. त्यानुसार ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. लगेचच यादीबाहेरच्या तालुक्यांतील कोरड्या गावांचा प्रश्न उभा राहिला आणि शासनाला महसूल मंडळनिहाय स्वतंत्र आदेश काढावे लागले. तंत्र बदलले होते, उपग्रह आला होता. परंतु निर्णयाची सीमारेषा अद्याप तालुक्याचीच होती.

दरम्यान, महावेध प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. शतकभराच्या तालुकानिहाय व्यवस्थेनंतरचा हा मोठाच बदल होय. तथापि राज्यातील सुमारे ४४ हजार गावे पाहता एका केंद्रावर सरासरी वीसच्या आसपास गावांचा भार येतो. वळवाचा पाऊस वा गारपीट तर एका शिवारात होते आणि शेजारचे शिवार कोरडे राहते. हवामानाधारित फळपीक विम्यात मात्र भरपाई ठरते ती मंडळाच्या संदर्भ केंद्रावरील नोंदीवरून. द्राक्षबागेवर पडलेला पाऊस त्या केंद्रावर पडला नसेल, तर विम्याच्या हिशेबी तो पडलेलाच नसतो.