‘छन्’ : चिनी लिपींतील एक अक्षर

शब्दांचीं कुळें शोधूं गेल्यास मोठमोठ्या पदव्यांचा उगम कधीं कधीं अगदीं हीन अवस्थेंत सांपडतो. चिनी सम्राटांच्या दरबारांतील मंत्री व अधिकारी यांचा वाचक असें ‘छन्’ हें अक्षर याचें उत्तम उदाहरण होय.

हें अक्षर मूळचें डोळ्याचें चित्र आहे. आन्यांगजवळ शांग राजांच्या राजधानीच्या अवशेषांत बैलांचीं हाडें व कासवांचीं कवचें सांपडलीं. त्यांवर सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं, शकुन पाहतांना, कोरलेले लेख आहेत. १८९९ पासून विद्वानांचें लक्ष अशा लेखांकडे वेधलें. त्यांत साधा डोळा आडवा काढलेला आहे; ‘छन्’मधील डोळा मात्र उभा आहे. मान खालीं घातलेल्या मनुष्याचा डोळा बाजूनें पाहिल्यास असा उभा दिसतो, अशी उपपत्ति विसाव्या शतकांत क्वो मोरो या पंडितानें मांडली. इ. स. १०० च्या सुमारास शू शन् या कोशकारानेंहि या अक्षरांत शरणागताचीच आकृति पाहिली होती.

हा शरणागत म्हणजे गुलाम. पुढील चौ राजवटीच्या एका ब्राँझच्या भांड्यावर, कवड्यांच्या दहा माळांबरोबर ‘छन्’चीं दहा कुटुंबें बक्षीस दिल्याची नोंद आहे. परंतु राजाजवळ वावरणाऱ्या दासाच्या हातीं सत्ताहि येते. शांग काळांतच ‘लहान छन्’ म्हणविणारे कांहीं सेवक मोठ्या अधिकारावर चढलेले दिसतात.

मग ज्याच्या पदवींतच मान लवलेली आहे, त्यानें राजाला खरें सांगावें कीं नाहीं? इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत मेन्शिअस या तत्त्ववेत्त्यानें बजावलें कीं, राजा मंत्र्यांस मातीमोल लेखील, तर तेहि त्याला वैरी समजतील. १५६६ मध्यें मिंग दरबारांतील हाय रुइ या अधिकाऱ्यानें प्रत्यक्ष सम्राटाच्या दोषांचा पाढा वाचणारा अर्ज सादर केला. त्यापूर्वीं त्यानें स्वतःसाठीं शवपेटी विकत घेऊन ठेविली होती, असें त्या राजवटीच्या इतिहासांत नमूद आहे. त्याची रवानगी तुरुंगांत झाली. १५६७ मध्यें सम्राट वारला, तेव्हां तो सुटला. त्या अर्जांतहि तो स्वतःस ‘छन्’च म्हणवितो. अक्षर तेंच, पण मान ताठ!

पुढें छिंग राजवटींत मांचू अधिकारी सम्राटापुढें स्वतःस उघड ‘गुलाम’ अशा अर्थाच्या शब्दानें संबोधीत. चिनी अधिकारी ‘छन्’ म्हणवीत. एकेकाळचा गुलामवाचक शब्द आतां गुलामाहून वेगळा, अधिक मानाचा ठरला होता.

१९१२ मध्यें छिंग सम्राटानें सिंहासन सोडलें व त्या दरबाराची सत्ता संपली. जपानांत मात्र मंत्र्यांच्या, इतकेंच नव्हे तर पंतप्रधानाच्याहि, पदनामांत तो उभा डोळा अद्यापि लिहिला जातो.