शीर्षशब्दांचा क्रम : कोशातील आणि संगणकातील

मीरा-भाईंदर परिसरातील नवघर, मीरा, काशी, भाईंदर, घोडबंदर ही गावांची नावे संगणकाकडून क्रमाने लावून घेतली, तर काशी, घोडबंदर, नवघर, भाईंदर, मीरा अशी यादी मिळते. शाळेत शिकलेल्या वर्णमालेशी ती तंतोतंत जुळते. त्यामुळे संगणकास मराठी वर्णक्रम अवगत आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कोश म्हटला की वर्णानुक्रम आलाच, ही आपली धारणा तुलनेने अर्वाचीन होय. अमरकोशाची रचना वर्गवार आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशानेही तोच मार्ग पत्करला. हे कोश मुखोद्गत करावयाचे होते, शोधावयाचे नव्हते. १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशासारखा ग्रंथ कोणी पाठ करीत नाही. तो उघडून हवा तो शब्द काढावा लागतो. तेथे क्रम हीच वाट ठरते. तीही सर्वत्र एक नाही. संस्कृत कोशांत ‘क्ष’ने आरंभ होणारे शब्द ‘क’च्या पोटात सापडतात, तर आपली मुले ‘क्ष’ वर्णमालेच्या अखेरीस म्हणतात.

संगणकाच्या आज्ञाभाषांतही ‘डिक्शनरी’ नावाची एक रचना असते. शीर्षशब्द द्यावा, त्यापुढील नोंद मिळावी, एवढेच तिचे कार्य. शोध गणिताने होत असल्यामुळे तिला क्रमाची गरज नसते. ‘पायथन’ या भाषेच्या २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून त्या गणितात सुरक्षेसाठी मुद्दाम यादृच्छिकता आणली गेली आणि एकच कार्यक्रम दोनदा चालविल्यास त्याच नोंदी निराळ्या क्रमाने छापल्या जाऊ लागल्या. २०१८ मधील ३.७ पासून नोंदी भरल्या त्या क्रमाने राहतील अशी हमी मिळाली खरी. परंतु दोघांनी त्याच नोंदी वेगळ्या क्रमाने भरल्या, तर छापील रूपे भिन्नच राहणार. कालची व आजची प्रत ताडून पाहणाऱ्यास मग जेथे काहीच बदललेले नाही तेथेही बदल दिसतो. म्हणून छापण्यापूर्वी शीर्षशब्द क्रमाने लावण्याचा प्रघात आहे.

हा क्रम मात्र वर्णांचा नसून त्यांच्या सांकेतिक क्रमांकांचा असतो. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी भारतीय लिपींसाठी आखलेल्या ‘इस्की’ या सामायिक संकेतावरून आली आणि तीत ‘ळ’ला ‘ल’शेजारी स्थान मिळाले. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. परिणामी कावळा, कासव, काहूर, काळा ही आपली ओळ संगणक काळा, कावळा, कासव, काहूर अशी लावतो. नवघरच्या यादीत हा दोष दिसला नाही, कारण त्या पाच नावांत ‘ळ’ नाही, इतकेच.

येथे सुसंगती आणि वाचनीयता यांची गल्लत होते असे आम्हांस वाटते. दोन प्रती ताडण्यासाठी कोणताही ठराविक क्रम चालेल. क्रमांकांचा तर उत्तम, कारण तो जगभर एकच. पण मतदारयादी वा ग्रंथसूची चाळणारा मनुष्य आपल्या वर्णमालेच्या आधारे बोट फिरवितो. ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या पुढे शोधून ते न सापडल्यास, नोंदच नाही असे तो समजेल. युनिकोडच्या स्थानिक नियमसंग्रहात मराठीसाठी ‘ळ’ला ‘ह’नंतर बसविणारा क्रम उपलब्ध आहे. तथापि शीर्षशब्द लावण्याची साधी आज्ञा त्याकडे पाहत नाही. तो वेगळा मागवावा लागतो.

‘ॲ’ची अवस्था याहून विलक्षण आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने त्याला वर्णमालेत स्वरांमध्ये जागा दिली. युनिकोडमध्ये तो २००८ साली, बाकीचे क्रमांक भरल्यानंतर, दाखल झाला. त्यामुळे केवळ क्रमांकांनी लावलेल्या यादीत ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द ‘अननस’च्या जवळपास नसून ‘हौद’च्या खाली सापडतो, आणि तोच शब्द जुन्या पद्धतीने ‘अ’ला चंद्र जोडून टंकित केला असेल, तर पुन्हा ‘अ’मध्ये.