कार्यालयीन संगणकावरील खासगी गेम सर्व्हर

कार्यालयीन संगणकावरील खासगी गेम सर्व्हर म्हणजे नोकरीच्या ठिकाणच्या संगणकावर व्यवस्थापनाच्या परवानगीविना, बहुधा गुपचूप, चालवलेला बहुखेळाडू संगणकीय खेळाचा सर्व्हर होय. कार्यालयात खेळ खेळणे आणि कार्यालयात सर्व्हर चालवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खेळणारा स्वतः बाहेरच्या सर्व्हरशी जोडला जातो; सर्व्हर मात्र इतरांच्या जोडणीची वाट पाहत अखंड चालू राहतो. त्यामुळे पहिल्या प्रकारात प्रश्न मुख्यतः वाया गेलेल्या वेळेचा असतो, तर दुसऱ्यात तो संस्थेच्या संपूर्ण नेटवर्कच्या सुरक्षेचा होतो.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डूम' या खेळाने हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आणला. त्याची आरंभीची आवृत्ती प्रत्येक संदेश नेटवर्कवरील सर्व संगणकांना पाठवत असे. परिणामी चार जणांच्या खेळाने संपूर्ण कार्यालयाचे नेटवर्क मंदावे. अमेरिकेतील इंटेल कंपनी आणि कार्नेगी मेलन विद्यापीठ यांनी त्यावर निर्बंध घातले. १९९६ च्या 'क्वेक'नंतर स्वतंत्र सर्व्हर प्रोग्रॅमची पद्धत रूढ झाली.

महाराष्ट्रात 'काउंटर-स्ट्राइक'सारखे खेळ सायबर कॅफे आणि वसतिगृहांतील लॅनवर लोकप्रिय झाले. मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. गेमिंगमुळे सकाळची व्याख्याने बुडतात आणि विद्यार्थी एकलकोंडे होतात, हे त्यामागील एक कारण होते. तेथेही चिंता वेळेची होती, सुरक्षेची नव्हे.

तांत्रिक धोके

सर्व्हर विशिष्ट पोर्टवर जोडणीची वाट पाहतो. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीसाठी तो सामान्यतः २५५६५ असतो. कार्यालयीन फायरवॉल बाहेरून येणाऱ्या जोडण्या सहसा अडवते. बाहेरच्या मित्रांना आत घेण्यासाठी राउटरमधील पोर्ट उघडावा लागतो किंवा टनेल वापरावा लागतो. खरा धोका या वाटेत आहे, कारण त्याच नेटवर्कवर हिशेब, वेतन आणि ग्राहकांच्या नोंदी असलेले संगणकही असतात.

डिसेंबर २०२१ मधील 'लॉगफोरशेल' या त्रुटीने हे स्पष्ट केले. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील ही त्रुटी माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवर ठळकपणे दिसून आली. खेळाच्या चॅटमध्ये विशिष्ट ओळ लिहिणारी व्यक्ती त्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होती. त्रुटीची तीव्रता १० पैकी १० ठरवण्यात आली. खेळाच्या निर्मात्यांनी दुरुस्त आवृत्ती तातडीने दिली. परंतु ज्या सर्व्हरचे अस्तित्वच संगणक विभागाला ठाऊक नाही, तो अद्ययावत कोण करणार? गुप्तता येथे संरक्षण ठरत नाही, ती दुरुस्तीच अडवते. शिवाय ती फारशी टिकतही नाही: सुट्टीच्या रात्री तासन्‌तास चालणाऱ्या जोडण्या फायरवॉलच्या नोंदींत सहज उठून दिसतात.

कायदेशीर स्थिती

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ चा गाभा 'मालकाची किंवा प्रभारी व्यक्तीची परवानगी' हा आहे. संगणक वापरण्याची मुभा म्हणजे त्यावर सर्व्हर उभारण्याची मुभा नव्हे. अनधिकृत प्रवेशास दुसऱ्याला साहाय्य करणे हेही याच कलमात येते. बाहेरच्या खेळाडूंना आत घेणारा कर्मचारी म्हणूनच अधिक अडचणीत येऊ शकतो. कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; मात्र त्यासाठी अप्रामाणिक किंवा कपटी हेतू आवश्यक असतो. निव्वळ करमणुकीसाठी चालवलेला सर्व्हर त्यामुळे बहुधा फौजदारीपेक्षा शिस्तभंगाचा विषय ठरतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत.

अशा सर्व्हरमार्गे घुसखोरी झाल्यास जबाबदारी संस्थेवरही येते. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून सहकाराची परंपरा असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगावी आहेत. लहान शाखेत स्वतंत्र संगणक अभियंता क्वचितच असतो. संगणकाची जाण असलेला एखादा तरुण कर्मचारीच राउटरपासून प्रिंटरपर्यंत सारे पाहतो. गुप्त सर्व्हर उभारण्याची क्षमता आणि तो शोधण्याची जबाबदारी अशा ठिकाणी एकाच व्यक्तीकडे येते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१८ च्या सायबर सुरक्षा चौकटीनुसार नागरी सहकारी बँकांनी अधिकृत सॉफ्टवेअरची अद्ययावत सूची ठेवणे आणि सूचीबाहेरच्या सॉफ्टवेअरला प्रतिबंध करणे अपेक्षित आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात, त्यामुळे ही चौकट त्यांना लागू होत नाही.

गुन्ह्याचा तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे मात्र राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, मुंबईत चालतात.